अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी त्यात नेमकं काय तपासावं?

गल्लीकर (निपाणी भाग):
नमस्कार मंडळी. आमच्या नगरसभेत (कर्नाटकातल्या नगरपालिकेत) अंदाजपत्रकाची सभा तोंडावर आली आहे, त्याआधी नागरिकांना सूचनांसाठी बोलावलंय. गेल्या वर्षीची पुस्तिका मिळाली, पण ती कन्नडमध्ये. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अंदाजपत्रक शिल्लकी असताना वॉर्डातल्या गटारीला पैसे नाहीत असं उत्तर का मिळतं? मागणी कशी मांडली तर ती आकड्यांत उतरते? आणि एकदा मंजुरी मिळाल्यावर काही करता येतं का?

जमाखर्च:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'आरंभीची शिल्लक' या एका ओळीत सापडतं. ती रक्कम मोठी दिसते, पण त्यात खर्च न झालेली बांधील अनुदानं (ठरलेल्या कामासाठीच वापरता येणारी) असतात, ठेकेदारांच्या सुरक्षा ठेवी असतात, आणि घरपट्टीबरोबर गोळा केलेला पण सरकारकडे अजून न भरलेला उपकरही असतो. ग्रंथालयाचा ६ टक्के आणि भिक्षुक निवारणाचा ३ टक्के उपकर नगरपालिकेचा नसतोच, ती फक्त वसूल करून पुढे पाठवते. हे सगळं एकूण बेरजेत धरलं की अंदाजपत्रक शिल्लकी दिसतं. गटारीसाठी मोकळा पैसा मात्र त्यातला थोडाच.

म्हणून पुस्तिका उघडल्यावर शेवटचा आकडा बघू नका. महसुली, भांडवली आणि असाधारण असे तीन भाग वेगळे करा. असाधारण भागातल्या ठेवी, उपकर, कपाती या आल्या तशा जाणाऱ्या रकमा. जमेत आणि खर्चात दोन्हीकडे त्या दिसतात आणि अंदाजपत्रक फुगवतात. त्या बाजूला काढा.

मग घरपट्टीची ओळ. तिच्याशेजारी डीसीबी ठेवा, म्हणजे मागणी, वसुली, बाकी यांचा तक्ता. समजा चालू मागणी १ कोटी ८० लाख, जुनी थकबाकी ९० लाख, म्हणजे एकूण २ कोटी ७० लाख. गेल्या वर्षी प्रत्यक्ष वसुली झाली १ कोटी ५० लाख. आणि पुढच्या वर्षासाठी लिहिलेत २ कोटी ५० लाख. वसुलीची पद्धत तीच, बिल कलेक्टर तेवढेच, तर वरचे १ कोटी कागदावरचे समजा. वर्षअखेरीला ते आले नाहीत की कात्री कुठे लागते? पगार, वीजबिल, कचरा उचलणाऱ्यांची बिलं थांबवता येत नाहीत. कात्री लागते ती गल्लीतल्या गटारीला आणि पेव्हरला. फुगवलेली जमा हे निरुपद्रवी आकडे नव्हेत, वर्षाच्या शेवटी ती कुणाच्या तरी दारासमोरचं काम खाते.

दुकानगाळ्यांचं भाडं, पाणीपट्टी, बांधकाम परवाना शुल्क यांनाही हीच फूटपट्टी लावा: गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचे डिसेंबरअखेरचे आकडे, मग नवा अंदाज.

आणखी एक. राखीव तरतुदी आधी वजा करायच्या: अनुसूचित जाती-जमातींसाठी २४.१० टक्के, इतर गरीब घटकांसाठी ७.२५, दिव्यांगांसाठी ५. ज्या रकमेवर त्या काढायच्या ती ४ कोटी असेल तर ९६.४० लाख, २९ लाख आणि २० लाख, मिळून १ कोटी ४५.४० लाख. हा पैसा ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच मिळाला पाहिजे. गेल्या वर्षी त्यातला किती खर्च झाला हे जरूर विचारा, कारण अखर्चित राहण्यात हाच निधी पुढे असतो.

शिल्कु-शिल्लक:
गल्लीकर भाऊ, पुस्तिकेला घाबरू नका. निम्मे शब्द आपलेच आहेत. 'शिल्कु' म्हणजे शिल्लक, 'बंडवाळ' म्हणजे भांडवल, 'ठरावु' म्हणजे ठराव, 'वसूलाति' म्हणजे वसुली. उरलेले एवढे पाठ करा: आयव्यय = अंदाजपत्रक, आदाय = उत्पन्न, वेच्च = खर्च, तेरिगे = कर, उळिताय = शिल्लकी, कोरते = तूट, नडवळी = सभेचं इतिवृत्त. कन्नड अंक मात्र शिकून घ्या. लाखाच्या स्तंभात ३ आणि ೩ ची गल्लत झाली नाही तरी ೬ आणि ೯ ची होतेच.

वॉर्डसमिती:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'आमच्या भागात गटारी करा' ही मागणी इतिवृत्तात 'सूचना आल्या' एवढ्यावर संपते. कागदावर असं द्या: कोणत्या घरापासून कोणत्या नाल्यापर्यंत, लांबी १२० मीटर, रुंदी-खोली किती, आता पाणी कुठे तुंबतं, उतार कुठे अडतो. त्यावर कनिष्ठ अभियंत्याकडून शेड्यूल दरानं (सरकारी दरसूचीप्रमाणे) ढोबळ अंदाज मागा. सोबत पैसा कोणत्या शीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदरातून, हेही लिहा. इथेच बहुतेक मागण्या पडतात. २०२१-२२ ते २०२५-२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. त्यातून समाजमंदिराचं कुंपण मागितलं तर अधिकारी नाही म्हणणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. पाइपलाइन बांधील अनुदानातून, रस्ता आणि किरकोळ कामं मुक्तनिधीतून (कामाचं बंधन नसलेल्या पैशातून), अशी विभागणी करून मागा.

अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच शिक्का आणि आवक क्रमांक. नगरसेवकांना तिसरी प्रत. त्यांनी सभागृहात उपसूचना मांडताना कोणत्या शीर्षातले किती लाख कमी करून इकडे वळवायचे ते सांगितलं पाहिजे. नुसतं 'वाढवा' म्हटलं की अध्यक्ष 'बघू' म्हणतात आणि बाकं वाजवून मंजुरी होते.

गल्लीकर:
उत्तम माहिती, आभार. बेळगाव महापालिकेत आणि खानापुरात हीच रीत आहे का?

जमाखर्च:
वाचायची पद्धत तीच. बेळगावात ५८ वॉर्डांची महापालिका कर्नाटकच्या १९७६ च्या महापालिका कायद्याखाली चालते, तिथे अर्थ व कर स्थायी समितीचे अध्यक्ष अंदाजपत्रक मांडतात. निपाणीची नगरसभा आणि खानापूरची पट्टण पंचायत (नगरपंचायत) १९६४ च्या नगरपालिका कायद्याखाली येतात.

वॉर्डसमिती:
तिसरा प्रश्न राहिला. मंजुरी म्हणजे काम सुरू नव्हे. अनुदानाच्या कामांची क्रियायोजना (वर्षात करायच्या कामांची यादी) जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मंजूर व्हावी लागते, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा. काम अंदाजपत्रकात असून क्रियायोजनेत नसेल तर ते होणार नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये क्रियायोजनेची यादी तपासा, तेव्हा दुरुस्तीला वाव असतो.

यादी दाखवत नसतील तर माहिती अधिकार. अर्ज शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून डीसीबीचा एक अर्ज आणि क्रियायोजनेचा दुसरा. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या, मराठीतला भाषेच्या मुद्द्यावर अडकतो. मागताना 'माहिती द्या' असं लिहू नका, 'अमुक वर्षाच्या मंजूर क्रियायोजनेची व संबंधित नडवळीची प्रमाणित प्रत' असं लिहा.