बी विंग : कालचं 'पित्त'

वहिनी (बी-३०१): सगळ्यांचे आभार. भाच्याला आज सकाळी दवाखान्यातून घरी सोडलं. आवाज बसलाय, पण पेज जेवला. मला एकच कळत नाही. त्याला कोळंबी चालत नाही हे माहीत होतं, म्हणून पानात कोळंबी नव्हतीच. तळलेली सुरमई, भात, सोलकढी आणि तोंडी लावायला जवळ्याची चटणी.

नर्सताई (ए-१०४): वहिनी, जवळाच नडला.

तात्या (बी-१०२): जवळो वेगळो, सुंगटां वेगळी.

नर्सताई: बाजारात वेगळी, तात्या. जवळा कोळंबीच्याच जातीचा. वाळवला, भाजला तरी त्यातलं त्रास देणारं प्रथिन जात नाही. सोडे, कुर्ल्या, शेवंड यांचंही तेच. कुर्ल्या शिजतानाच्या वाफेनेसुद्धा काहींचा श्वास अडकतो. सुरमईचा दोष नाही.

तात्या: आमच्या लहानपणी पित्त उठला की आवस कोकमाचा पाणी लावी आणि गप निजवी. काल मी ताच सांगलंय.

वहिनी: आणि मी ते लावत बसले. दहा मिनिटं त्यात गेली 😔

नर्सताई: नुसत्या गांधी उठल्या, खाज आली, तर कोकमाचं पाणी लावा, माझं काही म्हणणं नाही. पण काल तो दोनदा ओकला, घसा आवळतोय म्हणाला, आवाज घोगरा झाला. तिथे पित्त संपलं. अंगावरच्या गांधींबरोबर श्वास, घसा, उलट्या, चक्कर यातलं काहीही आलं की ते अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, समजायचं. कधीकधी गांधी उठतच नाहीत, माणूस थेट पांढरा पडतो. गांधीलमाशी चावल्यावर हे बऱ्याचदा दिसतं.

सेक्रेटरी: एव्हिलची गोळी दिली होती ना?

नर्सताई: ती खाजेला. सुजलेला घसा आणि पडलेलं बीपी तिला जुमानत नाही. औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे कमी. उतार नसेल तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. काल दवाखान्यात दोनदा द्यावं लागलं. उतरलेला त्रास काही तासांनी परत उठू शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

मास्तर (ए-२०१): पण पूर्वी हाच मुलगा कोळंबी हाणायचा.

नर्सताई: शरीर आधीच्या खाण्यात त्यावर उलटायला 'शिकतं', मास्तर.

मास्तर: बरोबर, आठवलं. फ्रान्सचे शास्त्रज्ञ रिशे आणि पोर्तिए. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जिवांच्या विषावर काम सुरू केलं. पुढे पहिल्या टोचणीतून सावरलेला कुत्रा दुसऱ्या, थोड्याशा मात्रेने मेला. अ‍ॅनाफिलॅक्सिसवरच्या याच कामासाठी रिशेला १९१३ चं नोबेल. म्हणजे हे प्रकरणसुद्धा समुद्रातूनच आलं 🙂

नर्सताई: आता बोलतेच. लिफ्ट बंद म्हणून त्याला तीन मजले चालवत उतरवलं. हे पुन्हा करू नका. बीपी पडलेला माणूस उभा केला की हृदयाकडे रक्त पोचत नाही, जागच्या जागी कोसळतो. आडवा ठेवा, पाय उशीवर. दम लागत असेल तर टेकून बसवा, पण चालवू नका. १०८ ला आधी फोन, धावपळ नंतर.

सेक्रेटरी: मग सोसायटीच्या पेटीत ते इंजेक्शन ठेवायचं का?

नर्सताई: नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे. परदेशासारखं टोचायचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. भाच्याने स्वतःच्या डॉक्टरांना विचारून अँप्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज जवळ ठेवावी, घरच्यांनी टोचायला शिकून घ्यावं.

तात्या: मगे त्येका जवळो कायमचो बंद?

वहिनी: बंद. आणि माझ्या कोळंबीच्या तव्यावर सुरमईसुद्धा नाही.

सेक्रेटरी: लिफ्टवाला गुरुवारी येतो म्हणाला. तोवर माणूस उतरवायला झोळीजोगं काही कोणाकडे?

तात्या: होडयेची ताडपत्री आसा.

नर्सताई: कडक पडेल. जाड चादर बघा, चार टोकं धरायला चार जण.

मास्तर: माझी सोलापुरी घ्या. जिन्याखाली ठेवतो.