मतदार यादीत माझं नाव का नाही? (मोहल्ला जमात ग्रुप)

आपा टीचर: अस्सलामु अलैकुम. काल मशिदीच्या बोर्डावर कमिटीच्या इलेक्शनची मतदार यादी लागली, भाच्याने फोटो पाठवले. तिन्ही पानं बघितली, माझं नाव नाही. हे गेल्यापासून नऊ वर्षं वर्गणी मीच भरते, पावती अजून त्यांच्याच नावाने फाडता ते वेगळं. आता त्यांचं नाव काढलंत आणि माझं घातलं नाहीत, म्हणजे आमचं घरच मोहल्ल्यात नाही का?

सेक्रेटरी: वालेकुम सलाम आपा. गैरसमज नको. आपल्याकडे पहिल्यापासून एका चुलीमागे एक मत, घरातल्या कर्त्या पुरुषाचं. कमिटीने नवीन काही केलेलं नाही.

आपा टीचर: माझ्या घरचा कर्ता कोण ते सांगा मग. आणि स्कीममध्ये, म्हणजे मशिदीच्या कारभाराच्या लेखी नियमांत, ‘सभासद’ लिहिलंय, ‘पुरुष’ नाही लिहिलेलं.

दोहा चाचा: माझं पण उडवलंय. मशिदीच्या स्लॅबच्या वेळी पैशांसाठी फोनवर फोन होते तेव्हा मी गावचा होतो, आता मत द्यायला बाहेरचा झालो??

मुंब्रा भाई: चाचा तुमचं मत कुरियरने येणार का हाहा

दोहा चाचा: मस्करी नको. तुझं नाव कसं काय आहे रे, तू तर ईदलाच दिसतोस

मुंब्रा भाई: माझं घर उघडं असतं, लाईट बिल येतं

खालचा मोहल्ला भाई: लाईट बिलावरून आठवलं, जलशाच्या मंडपाचा हिशोब कधी मिळणार

सेक्रेटरी: तो विषय इथे नको प्लीज.

वकील भाई: सगळ्यांनी जरा ऐका. रिवाज नंतर, आधी स्कीम. आपली मशीद वक्फ, म्हणजे धर्मासाठी कायमची दिलेली मालमत्ता, म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे भांडण सिव्हिल कोर्टात जात नाही, वक्फ कायद्याच्या कलम 83 खाली वक्फ ट्रिब्युनलकडे जातं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेल्या ट्रस्टचं वेगळं, प्रत्येक मुस्लिम ट्रस्ट वक्फ नसतो हे सुप्रीम कोर्टाने 20 ऑक्टोबर 2022 ला सांगितलंय. पण दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच, मतदार कोण हे कागदावर काय लिहिलंय. स्कीममध्ये नसलेली अट कमिटीने आपल्या मनाने घातली तर उद्या अख्खं इलेक्शन अडकेल आणि वर्गणीतले पैसे तारखांवर जातील.

सेक्रेटरी: वकीलसाहेब आदर आहे, पण उद्या एका घरातून सात सात मतं आली तर लहान घरांनी काय करायचं? ती काळजी पण खरी आहे.

आपा टीचर: मी सात मागितली नाहीत. एक मागते. ‘सभासद’ लिहिलंय, ‘पुरुष’ नाही. वक्फ बोर्डावर निदान दोन बायका पाहिजेत हे 2013 च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. बोर्डावर बाई चालते, मग आपल्या मशिदीच्या यादीत का नाही?

खालचा मोहल्ला भाई: आमच्या दोन घरांची नावं पण कापलीत, कारण आम्ही कब्रस्तानच्या रस्त्याची केस केली. सरळ बोला ना.

सेक्रेटरी: तुमची वर्गणी थकलेली आहे.

खालचा मोहल्ला भाई: घेतच नाहीत तर थकणारच! दोनदा देऊ केली, पावतीपुस्तक संपलंय म्हणाले

वकील भाई: हे जपून हं. केस केली म्हणून वर्गणी नाकारायची आणि मग थकबाकी दाखवून नाव काढायचं, वाळीत टाकण्याच्या जवळ जातं. महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुंब्रा भाई: अरे घरातल्या घरात कैदेची भाषा कशाला

दोहा चाचा: घरातलेच नावं कापतात म्हणून

आपा टीचर: कोणाला कैदेत नाही पाठवायचं मला. याच मदरशात तुमची अर्धी पोरं मी शिकवलीत सेक्रेटरी भाई, तुमची दोन्ही. माझं नाव लिहायला एक ओळ लागते. परत सांगते, ‘सभासद’ लिहिलंय.

सेक्रेटरी: आपा तुमचा मान आहेच. हरकतींची मुदत जुम्म्यापर्यंत आहे, लेखी द्या, मीटिंगमध्ये ठेवतो.

आपा टीचर: अर्ज लिहून तयार आहे, नऊ वर्षांच्या पावत्यांची झेरॉक्स लावलीय. उद्या असरच्या नमाजनंतर ऑफिसात येते. शिक्का मारून पोच द्या, तोंडी नको.

वकील भाई: आणि स्कीमची एक प्रत बोर्डावर लावा.

खालचा मोहल्ला भाई: मंडपाचा हिशोब पण