‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन मिळतच नाही का?

प्रश्न : नात्यातल्या एका घरी सुनेने छळाची फिर्याद दिली. कागदावर ‘अजामीनपात्र’ वाचून सगळ्यांनी हातपाय गाळले. या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि ‘जामीन फेटाळला’ हे बरोबर आहे का?

उत्तर : जामीन मिळतच नाही, असा त्याचा अर्थ नाही. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात रोजचं येणं-जाणं असल्याने या एका शब्दाने घाबरलेली माणसं मी फार पाहिली आहेत. मागच्या महिन्यात एक मावशी जिन्यावर बसल्या होत्या, हातात घडी घालून घालून मऊ झालेली एफआयआरची प्रत. त्या शब्दावर अंगठा ठेवून म्हणाल्या, “म्हंजे पोराची बेल भेटतच नाही का जी?”

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क नसतो, न्यायालय विचार करून ठरवतं. फरक एवढाच. शब्दावरून शिक्षेचा अंदाजही बांधू नये. पती हयात असताना किंवा पत्नी हयात असताना दुसरं लग्न केलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी तो गुन्हा जामीनपात्र. सासरच्या छळाला (जुनं कलम ४९८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८५) जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि तो अजामीनपात्र!

मग न्यायालय बघतं काय? आरोप मोघम आहेत की ठोस. ‘सासरच्यांनी त्रास दिला’ हे मोघम. अमुक दिवशी, अमुक माणसाने, असं मारलं आणि हा दवाखान्याचा कागद, हे ठोस. आरोपी पळून जाईल का, फिर्यादी बाईवर दबाव आणेल का, तपासाला त्याची कोठडी खरंच लागते का, हेही बघतात. लग्नानंतर सात वर्षांच्या आत हुंडाबळी झाला असेल तर कस फार कडक लागतो, आणि तो लागायलाच हवा. अर्नेशकुमार प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, कारणं लिहावीत. त्यामुळे पुष्कळदा आधी हजर राहण्याची नोटीस येते.

आता दुसरा प्रश्न. फेटाळतात तो अर्ज, जामीन नाकारतात. ‘जामीन रद्द’ ही तिसरीच गोष्ट, आधी मिळालेला काढून घेणं. बातम्यांत या तिन्हींची सरमिसळ होते आणि वाचणाऱ्या घराचा जीव टांगणीला लागतो. लिहिताना ‘जामिनावर’ असा मि ऱ्हस्व, ‘जामीनदार’मध्ये मात्र दीर्घ.

पुन्हा प्रश्न : ‘अटकपूर्व जामीन’ आणि ‘जातमुचलका’? जातमुचलक्यात जातीचा काय संबंध?

उत्तर : काहीच नाही. ही ‘जात’ अरबी, अर्थ स्वतः. ‘जातीने हजर राहिले’ मधली. मुचलका तुर्की, म्हणजे लेखी हमी. स्वतःची स्वतः लिहून दिलेली हमी तो जातमुचलका. अटकपूर्व जामिनाचं नाव थोडं फसवं आहे. आदेश अटकेआधी मिळतो, पण लागू होतो अटकेच्या क्षणी. १९७६ साली बालचंद जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही या नावाला चुकीचंच म्हटलं होतं.

आपल्या नागपुरात ‘जमानत झाली’, ‘बेल भेटली’ सर्रास चालतं, दोन्ही स्त्रीलिंगी, जामीन पुल्लिंगी. मुळात अरबी ‘ज़ामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. जुन्या कागदांत हाजिरजामीन (हजर राहण्याची हमी घेणारा), मालजामीन (पैशाची हमी घेणारा) भेटतात, ती माणसंच. पुढे सुटकेलाच आपण जामीन म्हणू लागलो आणि माणसाला ‘दार’ जोडून जामीनदार केलं. तरी ‘जामीन राहणे’ मध्ये जुना अर्थ टिकून आहे. मावशींच्या मुलाचा अर्ज मंजूर झाला, तेव्हा तहसीलमधून ऐपतीचा दाखला घेऊन त्यांचा थोरला भाऊ आला. बाबूंनी विचारलं, “जामीन कोण राहतंय?” तर म्हातारा उठून उभा राहिला, “मी हाव जी.”