औषधं फुकट, तपासणी फुकट, मग तेच लोक जास्त आजारी का?

खिडकीवरचा:
मी एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसतो. तीन महिने झाले. डॉक्टर नाही, नर्स नाही, पण माणसं दिसतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या इथे फुकट मिळतात. तरी ठरावीक दोन-तीन वस्त्यांतलेच लोक आजार हाताबाहेर गेल्यावर येतात. पायाची जखम काळी पडल्यावर, नाहीतर एक बाजू लुळी झाल्यावर. चहाच्या वेळी सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, 'त्यांना स्वतःच्या जिवाची पर्वाच नाही.' मला ते पटत नाही, पण उलट काय बोलावं तेही सुचत नाही. भाषण नको, उदाहरणं द्या.

रात्रपाळी:
बावीस वर्षं नर्स आहे, त्यामुळे माझ्याकडे उदाहरणंच आहेत.

हृदय कमजोर झालेली एक बाई यायची. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा. अंगातलं पाणी उतरायला फ्युरोसेमाइड चालू होतं. दर खेपेला सूज तशीच, आणि विचारलं की 'घेते की' म्हणायची. मी केसपेपरवर 'गोळ्या नियमित घेत नाही' असं लिहून मोकळी झाले. मग एकदा दम लागून दाखल झाली, तेव्हा रात्री मीच होते. बेडपॅन दिला तर म्हणाली, 'इथे बरंय बाई, मागितलं की मिळतं.' तिथून सगळं निघालं. ही गोळी पोटात गेली की तासाभरात लघवीला लागते आणि पुढचे पाच-सहा तास माणूस आत-बाहेर करत राहतो. ती कामाला जायची तिथे बायकांसाठी संडासच नव्हता. म्हणून गोळी फक्त सुट्टीच्या दिवशी. गोळी काय करते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं!

डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ बदलली, कामावरून घरी आल्यावरची केली. सूज उतरली. संडास काही झाला नाही. आणि माझी ती ओळ अजून तशीच आहे, केसपेपरवर खाडाखोड चालत नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली, एवढंच.

इन्सुलिनचंही तेच. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवा, हे आम्ही पाढ्यासारखं म्हणून दाखवतो. घरी फ्रिज आहे का, हे कोणी विचारत नाही. एक आजोबा शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. शेजाऱ्यांशी भांडण झालं आणि इन्सुलिन बंद. फाइलमध्ये काय लागलं? 'रुग्णाने उपचार सोडले.'

तुमची खिडकी किती वाजता बंद होते हो?

रोखठोक:
ताई, अनुभवाचा मान ठेवून सांगतो, हे दोन किस्से झाले. तंबाखू कोण खातं, दारू कोण पितं? तिथे संडास आडवा येत नाही. सवयी सुधारा, निम्मे आजार जातील.

आकडेमोड:
रोखठोक, तुमचा मुद्दा जुना आहे आणि तो तपासूनही झालाय. १९६७ पासून लंडनमधल्या सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांची पाहणी झाली, व्हाइटहॉल नावाने ती ओळखली जाते. यात उपाशी कोणी नाही. सगळ्यांना बांधलेला पगार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरी तळातल्या निरोप्या-दरवानांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. खालचे सिगारेट जास्त ओढत होते, हे खरंच. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. शिवाय हा फरक फक्त तळाशी नाही, पायरीपायरीने आहे. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूसही पहिल्यापेक्षा मागे. कामावर स्वतःचा ताबा किती, हा धागा पुढे तिथूनच धरला गेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ च्या अहवालात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं उदाहरण दिलंय. कॅल्टन भागात जन्मलेल्या मुलाचं अपेक्षित आयुष्य जवळच्याच लेन्झीतल्या मुलापेक्षा २८ वर्षांनी कमी. देश एक, आरोग्यसेवा एक. २८ वर्षांचा फरक एकट्या विडी-बाटलीने पडत असेल, तर मी हिशेब सोडून देतो.

खिडकीवरचा, तुमच्या प्रश्नाला नावही आहे. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'उलट काळजीचा नियम' मांडला. जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी पोहोचते, आणि सेवा बाजारावर सोडली तर हा उलटेपणा वाढतो.

रात्रपाळी:
रोखठोक, तंबाखूबद्दल एकच सांगते. तंबाखूने भूक मरते. मी सोडायला सांगितलं तेव्हा एकाने विचारलं होतं, 'मग दुपारी काय खाऊ?' माझ्याकडे माहितीपत्रक होतं. तेच दिलं.

रोखठोक:
ठीक. तरी माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही, हे मी मान्य करणार नाही.

आकडेमोड:
ते इथे कोणी म्हटलेलंही नाही.

खिडकीवरचा:
ताई, खिडकी साडेबाराला बंद होते. तुम्ही विचारल्यावर मी काल मुद्दाम तिथेच बसून राहिलो. दोन वाजेपर्यंत अकराजण येऊन परत गेले. आधी हे मला कधी दिसलंच नव्हतं, कारण तेव्हा मी डबा खात असतो. एकाच्या हातावर सिमेंट वाळलेलं होतं. 'उद्या सकाळी या' म्हणालो, तर 'बघतो' म्हणाला. आज आला नाही. मी एक वही घातलीय. वरिष्ठांना दाखवायचं धाडस होईल की नाही, माहीत नाही. तिच्यात काय काय लिहू?

रात्रपाळी:
कामावरून कधी सुटतात आणि इथे पोचायला किती वेळ लागतो, दोनच रकाने ठेवा. नाव विचारू नका, नाहीतर लोक खरं सांगणार नाहीत. निदान महिनाभर लिहा, आठवड्याच्या वहीकडे कोणी बघत नाही. आणि पेनानेच लिहा.