मदत हवी आहे: छोट्या शाळांच्या वाढत्या पटाचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार मंडळी. आमच्या व्यवस्थापनाकडे तीन छोट्या ग्रामीण शाळा आहेत. शेजारी नवी वसाहत उभी राहतेय, पट वाढतोय. पुढच्या पाच वर्षांत वर्गखोल्या किती लागतील ते ठरवायचंय.

दर इयत्तेतली किती मुलं पुढच्या इयत्तेत जातात, त्या गुणोत्तराची पाच वर्षांची सरासरी लावून पाहिली. पहिलीसाठी सहा वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी घेतल्या. पण वर्गात जेमतेम पंधरा मुलं असली की दोन कुटुंबं आली-गेली तरी गणित कोलमडतं. शिवाय ही पद्धत मागचाच कल पुढे ओढते, वसाहत तिला दिसतच नाही. इयत्तांचे गट केले, अलीकडच्या वर्षांना जास्त वजन दिलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

जोडवर्ग (एकाच खोलीत दोन इयत्ता) आहेतच. अंतरामुळे मुलं दुसऱ्या शाळेत हलवता येत नाहीत. तात्पुरत्या खोल्या चालतील, पण सेप्टिक टाकी आणि पाणी आधीच काठावर आहे (बैठकीत हे कुणी मनावर घेत नाही).

स्थानिक आकडे नसताना नव्या घरामागे किती मुलं धरता? आणि तात्पुरत्या खोल्या सोडून पक्कं बांधकाम करायचं, हे नेमकं कशावरून ठरवता?