मुंगळ्यांसाठी मीलवर्म : पावसाळ्यात डबा बिघडतोय

प्रश्न
काळ्या मुंगळ्यांची वसाहत आहे, एक राणी आणि 20 कामकरी. त्यांना खायला म्हणून प्लास्टिकच्या डब्यात गव्हाच्या कोंड्यावर मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) ठेवलेत. पाऊस सुरू झाल्यापासून झाकणाला आतून तपकिरी पूड चिकटते आणि ती हलते. अळ्या काळ्या पडून मरतात. भुंगेरे भरपूर, पण बारक्या अळ्या नाहीत. मुंगळेही अख्ख्या अळीला तोंड लावत नाहीत.

प्रतिसाद १
हलणारी पूड म्हणजे धान्यातले माइट, कोळ्याच्या कुळातले अगदी बारीक जीव. कोंड्यात ओल धरली की ते वाढतातच. भुंगेरे, कोष आणि धडधाकट अळ्या वेचून घ्या, बाकी सगळं फेका, डबा गरम पाण्याने धुऊन कडक वाळवा. नवा कोंडा पिशवी घट्ट बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, गार कोंड्यावर हवेतलं पाणी सुटतं. थर 4-5 सेंमी पुरे. झाकणाला मोठी चौकट कापून स्टीलची बारीक जाळी लावा. ओलाव्यासाठी गाजराच्या दोन चकत्या, त्याही कागदाच्या तुकड्यावर, आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी काढायच्या. काकडी या दिवसांत नकोच.

प्रतिसाद २
बारक्या अळ्या नाहीत, कारण भुंगेरे स्वतःची अंडी खातात. दर 10-14 दिवसांनी भुंगेरे ताज्या कोंड्यात हलवा आणि जुना डबा महिनाभर चाळू नका. अंडी कोंड्याला चिकटलेली असतात, चाळलीत तर गेली. नवी अळी दोऱ्याहून बारीक असते. निरखून पाहिलं तर कोंडा नुसता थरथरताना दिसतो. कोषही वेगळे ठेवा, अळ्या ते कुरतडतात. 25-28 अंशांत अळी पुरती वाढायला अडीच-तीन महिने धरा.

प्रतिसाद ३
जिवंत अळी 20 कामकऱ्यांना झेपत नाही, साल चिवट असते. उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवा, कात्रीने 3-4 मिमीचे तुकडे करा आणि कापलेली बाजू वर ठेवून फॉइलवर द्या. नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी सर्वांत उत्तम. आठवड्यातून दोनदा एक तुकडा. उरलेला 24 तासांत उचला, नाहीतर बुरशी येते. प्रथिनं मुख्यतः पिल्लांसाठी लागतात. घरट्यात मुंगळ्यांच्या स्वतःच्या अळ्या नसतील तर मुंगळे मांसाकडे फिरकणार नाहीत, साखरपाणी मात्र चालूच ठेवा.

प्रश्नकर्ता
कोंडा गिरणीतून आणतो. चालेल?

प्रतिसाद २
धान्याला कीडनाशक लावलेलं असू शकतं. आधी दहा अळ्या त्यात आठवडाभर ठेवून पाहा. एकही आखडली तर तो कोंडा वापरू नका.