मदत हवी आहे : वापरलेल्या डिझेल व्हॅनचे दरवर्षीचे पासिंग बिनघोर होते का?

पावसकाठ (धागाकर्ता)
लांज्याजवळ एक वापरलेली डिझेल व्हॅन मला मिळते आहे. गाडी बाहेरून स्वच्छ आहे, इंजिन पहिल्या स्टार्टला चालू होते आणि किंमतही माझ्या आवाक्यातील आहे. विक्रेता रविवारपर्यंत विसार मागतो आहे, कारण दुसरे गिऱ्हाईक दारात उभे असल्याचे तो सांगतो. माझा प्रश्न एवढाच आहे की अशा गाडीचे पासिंग दरवर्षी विनासायास होते, की प्रत्येक वेळी आरटीओतून परत पाठवले जाते? हापूसचा हंगाम सुरू झाल्यावर गाडी पासिंगसाठी अडकून पडली, तर पेट्या वाशीला पोहोचवायच्या कशा, हा माझ्यापुढील खरा प्रश्न आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लवकर सांगावे.

घाटमाथा
उत्तर देण्यापूर्वी थोडी माहिती हवी आहे. नंबरप्लेट पांढरी (खासगी) आहे की पिवळी (व्यावसायिक)? नोंदणी कोणत्या वर्षीची आहे? धुराच्या मानकानुसार गाडी भारत स्टेज तीन आहे की चार? आणि आताचे पासिंग कोणत्या तारखेपर्यंत आहे? यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही आणि उत्तर मात्र याच चार गोष्टींवर अवलंबून आहे.

कुलाबकर
गाडी खासगी असेल तर आपण विनाकारण चिंता करीत आहात. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. माझ्या जुन्या डिझेल मोटारीचे नूतनीकरण पेणला झाले, तेव्हा निरीक्षकांनी चासी क्रमांक पाहिला, दिवे पाहिले आणि काम झाले.

घाटमाथा
कुलाबकर, ते आंब्याच्या पेट्या भाड्याने वाहण्याविषयी विचारत आहेत आणि वार्षिक पासिंग असा स्पष्ट शब्द त्यांनी वापरला आहे. खासगी गाडीचा नियम येथे लागू होणार नाही.

पावसकाठ
प्लेट पिवळी आहे. नोंदणी २०१७ च्या अखेरची, भारत स्टेज चार, टाटाची विंगर व्हॅन. पासिंग अजून दोन महिने आहे. पण मला कागदांचे नियम नकोत, गाडी पास होते की नाही हे हवे आहे.

घाटमाथा
नियम नको म्हणता, पण आपले उत्तर तेथेच आहे. व्यावसायिक वाहनाला पहिली ८ वर्षे दोन-दोन वर्षांचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच पासिंग, मिळते आणि त्यानंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. म्हणजे ही गाडी आजवर दोन वर्षांतून एकदा तपासली जात होती आणि आपल्या हाती आल्यावर दरवर्षी तपासली जाणार आहे. व्यावसायिक वाहनांवर आपल्या राज्यात ८ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो, तोही याच वेळी भरावा लागेल. विक्रेता नेमका या टप्प्यावर गाडी काढतो आहे, यात फसवणूक असेलच असे नाही, परंतु पुढील पासिंगचा खर्च आणि जोखीम दोन्ही आपल्या खांद्यावर येत आहेत, हे किंमत ठरवताना विसरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार हे प्रमाणपत्र नसलेल्या व्यावसायिक वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते.

बंदरवाट
मी मिरकरवाडा बंदरातून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला मासळी नेतो, त्यामुळे या विषयावर अधिकाराने बोलू शकतो. आपल्या किनाऱ्यावर डिझेल गाडी इंजिनामुळे क्वचितच नापास होते. ती नापास होते गंजामुळे. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि मासळीच्या बर्फाचे खारट पाणी ही तीन कारणे मिळून जो पत्रा खातात, तो वरून रंग दिलेल्या गाडीत दिसतही नाही. आपण गाडी रॅम्पवर चढवून खाली जा आणि मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) ब्रॅकेट जेथे चासीला धरलेला असतो, तेथे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. लोखंड शाबूत असेल तर आवाज टणक येतो. आतून खाल्लेले असेल तर आवाज बद्द येतो आणि पापुद्रे हातावर पडतात. खालून ताजे काळे कोटिंग फासलेले दिसले तर त्याच्या आड काय आहे ते खरवडून पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. दरवाजाच्या खालची पट्टी आणि चाकांच्या वरच्या कमानीही दाबून पाहा. माझी गाडी दर पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मग कोटिंग करून घेतो आणि तिचे पासिंग दरवर्षी होते.

हरित_इंधन
डिझेल घेण्याचा विचारच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सीएनजीवरील लहान मालवाहू गाडी घेतलीत तर धुराचा प्रश्न उरत नाही, इंजिनाचा आवाज कमी येतो आणि इंधनखर्चही कमी होतो.

बंदरवाट
सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, हे आपण सांगितले नाही. ती चाचणी राहिली तर तेथेही गाडी अडते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पेट्या भरलेली गाडी पंपावरच्या रांगेत उन्हात उभी ठेवणे आंबेवाल्याला परवडत नाही. धागाकर्त्यांनी डिझेलविषयी विचारले आहे, तेव्हा डिझेलविषयीच बोलावे.

पाना_पकड
मी चिपळूणला गॅरेज चालवतो आणि पासिंगपूर्वीच्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. गंजाविषयी बंदरवाट यांनी लिहिले ते खरे आहे, परंतु ब्रेककडे त्यांनी दुर्लक्ष केले आहे. माझ्याकडे पासिंगमधून परत आलेल्या ज्या गाड्या येतात, त्यांत ब्रेकची तक्रार सर्वांत अधिक असते.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी आपोआप पोकळी तयार होत नाही, म्हणून ब्रेकला बळ देण्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तो थकला की पेडल कडक होते आणि चालक ते अंगवळणी पाडून घेतो. तपासण्याची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद असताना पेडल कडक होईपर्यंत पुनःपुन्हा दाबावे, शेवटच्या वेळी पाय तसाच दाबून धरावा आणि मग इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर पंप आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक आहेत. ते जागचे हलले नाही तर तेथे काम आहे.

त्यानंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडर गळत असेल तर त्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतो. हँडब्रेकची केबल किनाऱ्यावर गंजून अडकते, म्हणून चढावर गाडी उभी करून हँडब्रेकवर धरते का हे अवश्य पाहावे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आपल्याकडे ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरच्या मार्गाची सक्ती झाली, आणि आता हे काम हळूहळू स्वयंचलित चाचणी केंद्रांकडे सोपवले जात आहे. तेथील रोलरवर प्रत्येक चाकाची ब्रेकशक्ती वेगळी मोजली जाते. त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांतील जो फरक पूर्वी नजरेतून सुटत असे, तो यापुढे सुटणार नाही.

धुराविषयी सांगायचे तर भारत स्टेज चारच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज एकक (धुराच्या दाटपणाचे माप) आहे, त्याआधीच्या गाड्यांना ती ६५ होती. एअर फिल्टर स्वच्छ असेल, टर्बोच्या नळीला चीर नसेल आणि इंजेक्टर बरे असतील तर ही मर्यादा पाळणे अवघड नाही.

जुना_चालक
पाना पकड यांनी मोठा खर्च सांगितला, त्याची गरज नाही. पासिंगच्या आदल्या दिवशी टाकीत इंजेक्टर स्वच्छ करणारे द्रव घालावे आणि गाडी घाटातून एकदा जोरात चढवून आणावी. मी आयुष्यभर हेच केले आणि माझी गाडी धुरात कधी अडकली नाही.

पाना_पकड
काका, घाट चढवून आणण्याचा आपला सल्ला मला मान्य आहे, कारण धुराची चाचणी इंजिन पुरेसे गरम असतानाच घ्यायची असते आणि थंड इंजिन अकारण काळे ओकते. परंतु बाटलीतील द्रवाने झिजलेला इंजेक्टर बरा होत नाही किंवा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) सुटत नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, निळा धूर म्हणजे इंजिन तेल जळते आहे, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर इंधन नीट जळत नाही किंवा पाणी आत जात आहे. निळा धूर दिसला तर ती गाडी आपण घेऊच नये.

जुना_चालक
आपण गॅरेजवाले प्रत्येक गाडीत काम शोधता. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, आहे ना, मग धुराचा प्रश्न कोठे राहिला?

पाना_पकड
भारत स्टेज चारच्या गाडीची पीयूसी एक वर्ष वैध असते. अकरा महिन्यांपूर्वी ज्या अवस्थेत धूर मोजला, त्या अवस्थेत गाडी आज आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी काम शोधत नाही, घाटात उतरताना ब्रेक लागावेत एवढीच माझी इच्छा आहे. परशुराम घाटातून पेट्या भरलेली गाडी खाली येताना काय होते, हे आपणही जाणता.

पावसकाठ
गंज, ब्रेक आणि धूर या तिन्ही गोष्टी उद्या पाहून घेतो. आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभार. परंतु मग या गोष्टी ठीक निघाल्या तर पासिंग नक्की होईल, असे समजू का? आतील जागा मोठी आहे. मागची आसने काढून फळ्या ठोकलेल्या आहेत, त्यामुळे पेट्या व्यवस्थित बसतात. त्यासाठीच मला ही गाडी आवडली आहे.

घाटमाथा
थांबा. आसने काढलेली आहेत? नोंदणी पुस्तकावर ही गाडी प्रवासी वाहन म्हणून आहे की मालवाहू म्हणून?

पावसकाठ
पर्यटक प्रवासी, चालकासह १३ आसने. पण प्रवासी मी नेणारच नाही, तेव्हा त्याने काय फरक पडतो?

घाटमाथा
सगळा फरक त्यानेच पडतो. ही गाडी आज जशी उभी आहे तशी नेलीत, तर इंजिन आणि ब्रेक कितीही उत्तम असले तरी तिचे पासिंग होणार नाही. निरीक्षक गाडी नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहतात आणि पुस्तकात १३ आसने असताना आत फळ्या असतील तर तो कलम ५२ खाली येणारा विनापरवाना बदल ठरतो. शिवाय प्रवासी परवान्यावर भाड्याचा माल वाहणे हा परवान्याच्या अटींचा भंग आहे. रस्त्यावर कोणी अडवले तर आंबा गाडीतच पिकेल.

बंदरवाट
आमच्याकडे अनेक जण अशाच गाड्यांतून माल नेतात आणि पासिंगच्या दिवसापुरती आसने बसवतात. ही प्रथा मला पसंत नाही, परंतु ती आहे हे सांगितले पाहिजे.

घाटमाथा
प्रथा आहे म्हणून नवीन माणसाने तिच्यात पैसे गुंतवावेत, असे मला वाटत नाही. पावसकाठ, आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. एक, ही गाडी घ्यायचीच असेल तर वाहनाचा प्रकार बदलून मालवाहू नोंदणी करता येईल का, हे विसार देण्यापूर्वी रत्नागिरीच्या आरटीओत लेखी अर्ज करून विचारावे आणि तोंडी होकारावर विसंबू नये. दोन, मूळचीच मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी शोधावी. नोंदणी पुस्तकावरील एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर तिला मालवाहतुकीचा वेगळा परवानाही लागत नाही. आंबेवाल्याला दुसरा मार्ग अधिक सोयीचा आहे.

कुलाबकर
आधी विषय सोडून लिहिले गेले होते, म्हणून आता उपयोगाची गोष्ट लिहितो. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर थकीत ई-चलने, कर आणि कर्जाची नोंद तपासून घ्यावी. बँकेचा बोजा उतरलेला नसेल तर गाडी नावावर होणार नाही आणि चलने थकली असतील तर पासिंगचा अर्जही पुढे सरकत नाही.

पावसकाठ
विक्रेत्याशी आताच बोललो. विसार रविवारी देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. आसने त्याच्या पडवीत ठेवलेली आहेत, ती बसवून तो स्वतःच्या नावावर नवे पासिंग करून देईन म्हणतो, पण त्याची किंमत वाढवून मागतो. माझ्या एका नातेवाइकाचे होमस्टे आहे, त्यांना पाहुण्यांसाठी प्रवासी गाडी हवी आहे. ही गाडी त्यांना सुचवावी का? माझ्यासाठी मी मालवाहू गाडीच पाहतो.

पाना_पकड
त्यांच्यासाठी हा सौदा योग्य ठरू शकतो, मात्र आसने बसवण्याच्या वेळी स्वतः हजर राहावे. फळ्यांखाली पाणी साचले असेल तर जमिनीच्या पत्र्यातील बोल्टची छिद्रे आणि सीटबेल्टचे आकडे आधी सडतात आणि नवा बोल्ट त्यात घट्ट बसत नाही. फळ्या पूर्ण उचलायला लावा, प्रत्येक छिद्राभोवती बोटाने दाबून पाहा. नवीन वॉशर लावून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न दिसला तर थांबावे. वेगनियंत्रक ताशी ८० किलोमीटरवर बांधलेला आहे का आणि त्याचे प्रमाणपत्र चालू आहे का, हेही त्याच दिवशी विचारून घ्या, कारण १३ आसनी गाडीला ते पासिंगच्या वेळी मागितले जाते. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, तीही बघावी. गाडी लांज्याहून चिपळूणला आणणे जमले तर रॅम्पवर मी स्वतः पाहून देईन.